आईला पाऊस दाखवायला नेलं

याकुशिमा बेटावर महिन्यातले पस्तीस दिवस पाऊस पडतो, असं जपानमध्ये म्हणतात. तोक्योतल्या निशी-कासाईच्या आमच्या घरात चहा पिताना हे मी आईला सांगितलं, तर तिने कपातून मान वर न काढता विचारलं, "आणि उरलेले दिवस?"

आई सावंतवाडीची, माहेर वेंगुर्ल्याचं. आंबोली घाटाच्या खाली सारा जन्म काढलेल्या बाईला पावसाचं कौतुक सांगणं म्हणजे मालवणात जाऊन मासे विकण्यातला प्रकार. पण यंदा ती तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आणि तिचा मृगाचा पाऊस चुकला. तोक्योचा जूनमधला पाऊस तिला पसंत नव्हता. "ह्यो कसलो पाऊस? नळ नीट बंद केलो नाय तसो!" मग मीच म्हटलं, चल, तुला खरा पाऊस दाखवते. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे आम्ही दोघीच.

याकुशिमाला लोक जातात ते चालायला. जोमोनसुगी नावाचा सुगीचा, म्हणजे जपानी देवदाराचा महावृक्ष तिथे आहे, आणि त्याच्यापर्यंत जाऊन येऊन बावीस किलोमीटर, दहा तासांची पायपीट आहे. आईचे गुडघे याला तयार नव्हते आणि खरं सांगायचं तर माझेही नव्हते. आम्ही ठरवलं की गाडी घ्यायची आणि बेटाला प्रदक्षिणा घालायची. साधारण शंभर किलोमीटरचा गोल रस्ता आहे. पाऊस आला तर काचेतून बघू.

पहिला दिवस

आदल्या रात्री कागोशिमात, जिथून बेटाची बोट सुटते त्या शहरात, मुक्काम केला होता. सकाळी साडेआठची मोठी बोट धरली. जेटफॉइल नावाची जलद बोट निम्म्या वेळात पोचवते, पण तिच्यात पट्टा बांधून बसावं लागतं, डेकवर जाता येत नाही. आईला समुद्र बघायचा होता. चार तास लागले. डावीकडे साकुराजिमा ज्वालामुखी धूर सोडत बसलेला, मग खाडीच्या तोंडाशी उजव्या हाताला काइमोनदाके डोंगर, हुबेहूब फुजीसारखा आकार आणि उंची अवघी ९२४ मीटर. त्यानंतर नुसतं पाणी.

बेट दिसायच्या आधी ढग दिसला. सगळीकडे आकाश बऱ्यापैकी उघडं आणि समोर एकाच जागी काळा ढीग. त्याच्या खाली बेट होतं. याचं कारण कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कुरोशिओ नावाचा गरम सागरी प्रवाह बेटाजवळून जातो, त्यावरून येणारी दमट हवा थेट डोंगराला धडकते. बेट जेमतेम पाचशे चौरस किलोमीटरचं आणि मधला मियानौरादाके डोंगर १,९३६ मीटर. किनाऱ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर आणि डोंगरात आठ ते दहा हजार पाऊस. आईने आकडे ऐकले, मनातल्या मनात आंबोलीशी ताडून पाहिले आणि पहिल्यांदाच "बरो आसा" म्हणाली.

मियानौरा बंदरावर पिवळ्या पाटीची छोटी गाडी घेतली. जपानमध्ये भाड्याच्या गाडीच्या नंबरात 'वा' हे अक्षर असतं, त्यामुळे पाहुणा कोण ते गावाला लांबूनच कळतं. गाडी देणाऱ्याने दोन गोष्टी बजावल्या. पश्चिमेच्या रस्त्याला लागायच्या आधी पेट्रोल भरून घ्या, मध्ये पंप नाही. आणि माकडांना काही खायला देऊ नका.

संध्याकाळी आनबो गावात एका मिनशुकूत, म्हणजे घरगुती खानावळवजा मुक्कामाच्या जागी, जेवण. ताटात तोबिउओ, उडता मासा, अख्खा तळलेला आणि पंख दोन्ही बाजूंना पसरलेले. या माशाच्या पकडीत याकुशिमा जपानात अव्वल आहे. आईने आधी त्याच्याकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. मग पंखाचं टोक मोडून तोंडात टाकलं. पापडासारखं कुरकुरलं. मालकीणबाई दारातून बघत होत्या. आईने बोटांनी "छान" अशी खूण केली आणि पिशवीतून कोकमांची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. त्याचं काय करायचं ते मला जपानीत समजावून सांगायला जेवणापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसरा दिवस

पहाटे चारला जाग आली ती आवाजाने. पत्र्यावर कोणीतरी गोणीतून तांदूळ ओतत होतं. आई खिडकीशी बसलेली.

"आयलो," एवढंच म्हणाली.

जपानीत पावसाचे आवाज सांगणारे शब्द आहेत: सुरू होतो तो पोत्सुपोत्सु, हळू आणि सारखा तो शितोशितो, कोसळतो तो झाझा. आईला हे फार आवडलं होतं, कारण आपल्याकडेही पाऊस रिमझिमतो, टपटपतो आणि धो धो पडतो. त्या सकाळी दोन्ही भाषांमध्ये एकमत होतं.

न्याहारीला मालकीणबाईंनी पश्चिमेचा रस्ता चालू आहे का ते फोन करून विचारलं. पाऊस ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो बंद करतात. अजून चालू होता. "पण दुपारी वाढेल, लवकर पार करा," असं त्या म्हणाल्या. आठला निघालो. घड्याळाच्या दिशेने, दक्षिणेकडून.

पहिला थांबा तोरोकीचा धबधबा. एका पोनकान-तानकान संत्र्यांच्या दुकानाच्या मागून पाच मिनिटांची पायवाट आहे. धबधबा फक्त सहा मीटर उंच, पण तो थेट समुद्रात पडतो. एरवी फोटोत तो देखणा, बारीक, मागे मोच्चोमु डोंगर असा असतो. आम्हाला दिसला तो खडकाच्या फटीतून बाहेर फेकलेला पांढरा लोट. समुद्राचं पाणी मातकट होण्याऐवजी कडेला दुधाळ निळं झालं होतं. आईच्या ते लगेच लक्षात आलं, "पाणी लाल कसा नाय?" आपल्याकडे पहिल्या पावसात नद्या जांभ्याच्या मातीने तांबड्या होतात. हे बेट ग्रॅनाइटचं. त्याच्यावर माती अशी फारशी नाहीच, त्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी स्वच्छ राहतं.

तिथून गाडी वर घातली ती सेनपिरो धबधब्याला. हीच नदी, ताइनोकावा. खाली जे समुद्रात उडी मारतं तेच पाणी वर साठ मीटरवरून पडतं. धबधब्याच्या बाजूला अवाढव्य एकसंध कातळ आहे. हजार माणसांनी हात धरून उभं राहावं एवढा, म्हणून ते नाव. असं पाटीवर वाचलं, कारण समोर काहीच नव्हतं. कठड्याच्या पलीकडे नुसतं पांढरं. आवाज मात्र पोटात घुमत होता. मी परत फिरायचं म्हटलं तर आई हलेना. "थांब गो, धुक्याक घाई करून चालत नाय." छत्रीच्या काड्यांवरून पाणी माझ्या बाहीत शिरत होतं. दहा मिनिटं गेली. मग डावीकडून कोणीतरी चादर ओढावी तसं धुकं सरकलं. आधी कातळ दिसला, ओला, काळसर, त्याच्यावरून शंभर ठिकाणी पाण्याच्या रेघा. मग मधोमध धबधबा. मी फोन काढून पुसेपर्यंत पुन्हा सगळं पांढरं. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही.

यानंतर माझी फजिती. हिरउची गावाजवळ समुद्राच्या खडकांत गरम पाण्याचं कुंड आहे. भरतीला ते पाण्याखाली असतं, आणि ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास एवढाच वेळ आंघोळीला मिळतो. मी तक्ता बघून मोठ्या आत्मविश्वासाने दहाला पोचले. कुंड कुठेच नव्हतं. लाटा खडकांवर आपटत होत्या. रेनकोट घातलेले एक आजोबा कडेला उभे होते, ते हसून म्हणाले, "मादा मादा." अजून अवकाश आहे. मी तक्त्यातली पुढच्या आठवड्याची ओळ वाचली होती.

आईला हे कळल्यावर ती गाडीत बसल्या बसल्या पाच मिनिटं हसत होती. "अमास होऊन दोन दिस झाले. उधाणाची भरती ती, सकाळी उतरात काय? तिथी बघूची, कागद कित्याक बघतंस?" वेंगुर्ल्याच्या मुलीला हे शिकवावं लागत नाही. पण मला आतून बरंही वाटलं होतं. त्या कुंडात पुरुष-बायका एकत्र आणि पोहण्याचे कपडे चालत नाहीत, हे मी आईला अजून सांगितलंच नव्हतं.

मग गाडी वळवून मागे ओनोआइदाला आलो. गावातलं सार्वजनिक ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याचं न्हाणीघर, बायकांचं वेगळं. जखमी हरीण या पाण्यात अंग शेकताना कोणा शिकाऱ्याला दिसलं आणि गरम झऱ्याचा शोध लागला, अशी त्याची गोष्ट. पाणी एकोणपन्नास अंशांचं. आईने कपडे काढण्याबद्दल काही कुरकुर केली नाही, मलाच उगीच वाटत होतं. "न्हाणीघरात बायकांची कसली लाज," म्हणाली. पण पाय बुडवला आणि "आगो बाय माझे!" करून बाहेर. आतल्या गावच्या दोन आज्या खळखळून हसल्या. त्यातल्या एकीने लाकडी घंगाळं घेऊन तिच्या पायांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर थोडं थोडं पाणी ओतलं. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं. वर पत्र्यावर पाऊस वाजतोय, खाली तिघी म्हाताऱ्या गळ्यापर्यंत पाण्यात आणि एकीलाही दुसरीचं बोलणं कळत नाही, पण गप्पा चालू. बाहेर आल्यावर आई म्हणाली, त्या पाणी ओतणारीचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. कसं कळलं, ते काही सांगितलं नाही.

याच किनाऱ्यावर, कोशिमा गावापाशी, १७०८ मध्ये सिदोत्ती नावाचा सिसिलीचा पाद्री सामुराईचा वेष करून उतरला होता. ख्रिस्ती धर्माला बंदी होती त्या काळात. वेष कोणालाच पटला नाही. त्याला पकडून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, नेलं, तिथे आराई हाकुसेकी या विद्वानाने त्याची चौकशी केली, आणि १७१४ मध्ये तो कैदेतच वारला. आम्ही तिथे थांबलो नाही. जाता जाता मी ही गोष्ट सांगितली, तर आईचा प्रश्न एकच, "त्याका जेवण काय दिल्यानी?"

नाकामा गावात रस्त्यावर एक झाड कमान करून उभं आहे. गाजुमारु म्हणतात. फांद्यांतून सुटलेल्या पारंब्या जमिनीत शिरून त्यांची खोडं झालीत, आणि मधल्या पोकळीतून रस्ता जातो. मी जपानी पाटी वाचायला लागले होते, तोवर आई उतरून पान चुरगळून वास घेत होती.

"ह्या तर नांदरुकाचा झाड!"

आणि खरंच. पाटीवरचं लॅटिन नाव फोनवर शोधलं, तर मराठी नाव नांदरूक. आमच्या घराच्या मागे पाणंदीत होतं तेच. आईने त्याच्या खोडाला हात लावला, आणि एवढ्या दूर येऊन आपल्याच गावचा माणूस भेटावा तशी दोन मिनिटं तिथेच उभी राहिली, छत्री मिटून. पारंब्यांखाली पाऊस जवळपास लागतच नव्हता.

ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, खाल्ली ती गाडीतच. मोठ्या साखळीचं कोंबिनी, म्हणजे सदा उघडं असणारं छोटं दुकान, या बेटावर एकही नाही, त्यामुळे सकाळी आनबोच्या दुकानातून बांधून घेतली होती. मग ओको धबधबा. हा ८८ मीटरचा, आणि इथे अगदी पायथ्याशी जाता येतं. एरवी. त्या दिवशी पन्नास पावलांवरूनच तुषारांनी चष्मा आंधळा केला. वाऱ्याचा झोत पाण्याबरोबर खाली येऊन समोरून ढकलत होता. आई वाटेवरच्या कठड्याला धरून उभी, छत्री उलटी झालेली, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय. मी ओरडून विचारलं, कसा आहे? ती काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. गाडीत आल्यावर विचारलं तर म्हणाली, "आता पाऊस दिसलो."

त्यानंतर पश्चिमेचा जंगलरस्ता. सेइबु रिंदो. बेटाचा हा भाग जागतिक वारशात आहे (१९९३, जपानच्या पहिल्या चार स्थळांपैकी एक), आणि जंगल डोंगरमाथ्यापासून थेट समुद्रापर्यंत सलग उतरतं. वीसेक किलोमीटर, एक गाडी जाईल एवढाच रस्ता. बस जात नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला झाडं आणि त्यांच्या खाली कुठेतरी समुद्राचा आवाज. झाडांनी वर मांडव घातलेला, त्यामुळे पाऊस दोनदा पडतो, एकदा आकाशातून आणि एकदा पानांवरून.

दुसऱ्याच वळणावर माकडं. पंधरा-वीस जण रस्त्याच्या मधोमध एकमेकांना चिकटून बसलेले, केस भिजून काटेरी झालेले. गाडी आली म्हणून कोणी उठायला तयार नाही. एक आई पिल्लाच्या पाठीवरून पाणी निपटत होती. दोन पावलांवर हरणं, इथली जात बुटकी, बकरीएवढी. माकडं झाडावरून फळं-पानं टाकतात आणि खाली हरणं ती खातात, हा त्यांचा शेजार. बेटावर माणसं वीस हजार, माकडं वीस हजार, हरणं वीस हजार अशी जुनी म्हण आहे. माणसं आता त्याहून बरीच कमी झालीत.

मला हे सगळं फार गोड वाटत होतं. आईला नाही. "संत्री ठेवतत काय रे तुमी?" तिने काच बंद ठेवूनच माकडांना विचारलं. आमच्या बागेत वांदरांनी केळी आणि नारळ यांचं काय केलंय ते तिला आठवलं असणार. इथेही गावागावांत संत्र्याच्या बागांना विजेच्या तारांचं कुंपण दिसतंच. त्या तारांवरून विजेचा विषय निघाला. या बेटाची जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून होते. त्यावर आई बराच वेळ गप्प होती. "म्हणजे हंय पाऊस पडलो की वीज येता," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडे जाता."

समोरून एक गाडी आली. मागे जागा माझ्याकडे होती, म्हणून मीच शंभरेक मीटर मागे घेतली. ओल्या पानांचा चिखल, मागच्या काचेवर धुकं, समुद्राच्या बाजूला कठडा नाही. आईने देवाचं नाव घेतलं नाही, पण दाराचं हँडल धरलं. समोरच्याने जाताना वाकून नमस्कार केला. मीही केला. माझे हात थरथरत होते ते आईने पाहिलं आणि डब्यातला एक खोबऱ्याचा लाडू काढून दिला.

नागाता टोकाचं दीपगृह १८९७ पासूनचं, पांढरं, ठेंगणं. तिथून पलीकडे कुचिनोएराबु हे ज्वालामुखी बेट दिसतं. २०१५ च्या मे महिन्यात त्याचा उद्रेक झाला तेव्हा तिथल्या सगळ्या लोकांना इकडे आणलं होतं. आम्हाला ढगांपलीकडे काही दिसलं नाही. शेजारच्या इनाकाहामा किनाऱ्यावर मे ते जुलै लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला येतात ती ऑलिव्ह रिडले, लहान. ही अंगाने मोठी. रात्री किनाऱ्यावर जायला नियम कडक आहेत, आम्ही दिवसाच गेलो. वाळू जाडी, रव्यापेक्षाही भरड. एक अर्धवट पुसलेली वाट समुद्राकडे गेलेली दिसली, दोन्ही बाजूंना वल्हं मारल्यासारख्या खुणा. पावसाने ती आमच्यादेखत भरत चालली होती.

उत्तरेकडचा भाग काही न थांबता काढला. पाचला आनबो. नंतर कळलं, पश्चिमेचा रस्ता चारला बंद केला होता.

रात्री मालकीणबाईंनी सूपच्या वाटीत एक कोकम टाकून आणलं होतं.

तिसरा दिवस

सकाळी पाऊस थोडा ओसरला. दुपारच्या बोटीआधी आनबोहून वर डोंगरात गेलो, किगेनसुगी बघायला. गाडीने थेट जवळ जाता येईल असा हा जुना सुगी, वय तीन हजार वर्षं सांगतात. बेटावर हजार वर्षांच्या वरच्या झाडालाच याकुसुगी म्हणतात. त्याहून कमी वयाचं ते कोसुगी, म्हणजे लहान सुगी. नऊशे वर्षांचं झाडही पोरच.

उंची साडेएकोणीस मीटर. शेंडा केव्हाच मोडलेला, अंगावर दुसऱ्या झाडाझुडपांचा अख्खा संसार, शेवाळ निथळतंय. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, बेटावरची अशी झाडं तोडून छपराच्या फळ्या काढत आणि कर म्हणून सात्सुमाच्या, म्हणजे आजच्या कागोशिमाकडच्या, सरदारांना देत. राळ भरपूर असल्याने हे लाकूड कुजत नाही. ज्यांची खोडं वाकडी किंवा पोकळ होती, फळ्या सरळ निघाल्या नसत्या, ती तेवढी सुटली. आधी इथले लोक देवाची झाडं म्हणून त्यांना हात लावायला घाबरत. सतराव्या शतकात तोमारी जोचिकु नावाच्या भिक्षूने तोड सुरू करायला लावली. त्याची युक्ती अशी सांगतात: आदल्या रात्री झाडाला कुऱ्हाड टेकवून ठेवायची. सकाळी ती पडलेली नसली तर देवाची परवानगी आहे.

आई चटकन म्हणाली, "म्हणजे कौलच."

आमच्याकडे देवळात कौल लावतात तसा. मग थोडं थांबून, "आणि टेकवून ठेवलेली कुऱ्हाड पडतली कशी?"

मालकीणबाईंनी निघताना आमच्या ओल्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. बोट सुटल्यावर आई मागच्या डेकवर उभी होती. बेट पुन्हा ढगात गेलं, बाकी समुद्र लख्ख. संध्याकाळी कागोशिमाच्या धक्क्यावर उतरलो तर आभाळ निरभ्र, आणि समोरून येणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर उघडी छत्री. आईने वर बघितलं, मग माझ्याकडे. मी तिच्या खांद्यावर पडलेला करडा कण बोटाने उचलून दाखवला. साकुराजिमाची राख होती. तिने काही न बोलता आपली छत्री उघडली. ओकोच्या धबधब्याला उलटी झालेली तीच, एक काडी वाकलेली.